फॉन्ट नसलेली कथा

"हे बघ आणि मला सांग, याला चोरी नाही तर काय म्हणायचं?"

अप्पा हळदणकरांनी दोन छापील गठ्ठे माझ्या पुढ्यात टाकले. एकावर पेन्सिलीनं लिहिलं होतं, प्रा. दाभोळे. दुसऱ्यावर, सौ. वृंदा गुळवणी. मी दोन्ही शेजारी शेजारी ठेवले आणि बोट फिरवत खाली खाली गेले. कथा एकच होती. विरामचिन्हंसुद्धा तीच. सरांनी एका जागी चुकून 'पाहुणे' दोनदा टाइप केलं होतं, तर बाईंकडेही पाहुणे दोनदाच आले होते.

"चोरतानाही डोकं लावलं नाही बाईनं," मी म्हणाले.

"हां! मी तेच म्हणतोय सकाळपासून."

भारनियमनाच्या दिवसांतली ही गोष्ट. अप्पांचा मिरजेत छापखाना होता आणि त्यातून दर वर्षी 'काजवा' नावाचा दिवाळी अंक निघायचा. कथास्पर्धा हा त्या अंकाचा जीव. त्या वर्षी अप्पांना आधुनिक व्हायची हुक्की आली होती, त्यामुळे कथा ई-मेलनं मागवल्या होत्या. मेल उचलायची, सोबतची फाईल काढून घ्यायची, तिला नंबर द्यायचा आणि कुणी पाठवली ते वेगळं नोंदवायचं, एवढं सगळं एक प्रोग्राम आपोआप करायचा. तो लिहिणारा माणूस बंगलोरला निघून गेला होता. मी सांगलीतल्या एका लहानशा कंपनीत प्रोग्रामर होते आणि आदल्या उन्हाळ्यात अप्पांच्या जुन्या अंकांच्या फायली जुन्या मराठी फॉन्टमधून नव्या फॉन्टमध्ये बदलून दिल्या होत्या. त्यामुळे छापखान्यात काहीही बिघडलं, अगदी पंखा जरी, तरी अप्पा मलाच फोन करायचे.

"यात माझं काय काम?" मी विचारलं.

"पुरावा काढायचा. मेल त्याच बाईंकडून आली हे तू कॉम्प्युटरवर दाखवायचंस. त्या येतायत आता, नवऱ्याला घेऊन. फोनवर म्हणाल्या, 'मी ही कथा पाठवलेलीच नाही.' मग काय भुतानं पाठवली?"

"आणि सर काय म्हणतात?"

अप्पांनी चष्मा काढून पुसला. दाभोळे सर निवृत्त प्राध्यापक. दोनदा 'काजवा'चं पहिलं बक्षीस मिळवलेले. रविवारी घरी वाचनकट्टा भरवायचे, आणि वृंदा गुळवणी त्या कट्ट्यावर जायच्या. स्पर्धेआधी सरांनी आपली नवी कथा तिथं वाचून दाखवली होती, वर सगळ्यांना सीडीवर वाटलीही होती. म्हणजे चोरीचा माल बाईंच्या घरात होताच.

"सरांनी दोन गोष्टी मागितल्यात," अप्पा म्हणाले. "अंकात नावानिशी माफी छापायची, आणि त्याची प्रत शाळेच्या संस्थेला द्यायची. सर संस्थेच्या मंडळावर आहेत. बाई त्याच शाळेत शिकवतात, अजून कायम झालेल्या नाहीत. आज ठरलं की उद्या अंकाच्या शेवटच्या पानांचा फॉर्म छपाईला मशीनवर चढतो."

"म्हणजे नोकरी गेलीच."

"गेलीच की. पण चोरी ती चोरी."

मला वाईट वाटलं असं काही मी म्हणणार नाही. माझा स्वभाव मुळातच संशयी. दूधवाला हसून बोलला की मी आधी पातेल्यात डोकावून बघते. पाहुणे दोनदा आलेले बघून माझा निकाल झालेला होता.

थोड्याच वेळात गुळवणी जोडपं आलं. श्रीकांत गुळवणी विम्याचं काम करायचे. उंचेपुरे, हसरे, आणि बायकोची मरून रंगाची पर्स त्यांच्याच खांद्याला. आल्या आल्या त्यांनी फरसाणाचा पुडा टेबलावर ठेवला, अप्पांच्या पाया पडले, मला 'मॅडम' म्हणाले. वृंदाबाई मागून आल्या आणि भिंतीकडच्या खुर्चीत बसल्या. बारीक चणीच्या, तिशीच्या आसपासच्या. त्यांनी कुणाच्याच डोळ्याला डोळा दिला नाही. मी मनात म्हटलं, चोर असाच बसतो.

"बाई, तुम्हाला काय म्हणायचंय ते एकदा सांगा," अप्पा म्हणाले.

"मी माझी कथा पाठवली. ही माझी नाही."

"मग तुमची कुठली?"

"दुसरी."

"काय होतं तीत?"

श्रीकांतराव मोठ्यानं हसले. "अप्पासाहेब, मला विचाराल तर ही लिहिते हेच मला तुमच्या फोनमुळं कळलं. लग्नाला सहा वर्षं झाली! आता बोला." मग बायकोकडे वळून मायेनं म्हणाले, "अगं, सांग की काय लिहिलं होतंस. घाबरतीस कशाला? मी आहे ना."

वृंदाबाईंनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं आणि सोडलं.

"कच्चा कागद असेल की घरी," मी म्हणाले. "नाहीतर फाईल."

"नाही ठेवलं काही. शाळेच्या कॉम्प्युटरवर लिहिली, पाठवली आणि पुसून टाकली."

"का पुसली?"

"अशीच."

मी अप्पांकडे बघितलं, अप्पांनी माझ्याकडे. आपली कथा माणूस 'अशीच' पुसतो होय? लोक भाजीची यादी सांभाळून ठेवतात.

श्रीकांतरावांनी मात्र बायकोची बाजू सोडली नाही. "माझं ऐका. हिच्याकडं सरांची सीडी होती. पाठवताना चुकून सरांचीच फाईल जोडली गेली असेल. बायकांचं होतं असं. माफी मागेल आणि मोकळी होईल. काय गं?"

"मी माझीच जोडली होती," वृंदाबाई म्हणाल्या. आवाज लहान होता, पण जागचा हलत नव्हता.

एवढ्यात पर्समधला मोबाइल वाजला. श्रीकांतरावांनी तो काढला, नंबर बघितला, घेतला. "हां, बोला सावंतबाई. नाही, ती कामात आहे. मला सांगा ना." मग फोन ठेवून पर्सची चेन लावली. किती सांभाळून घेतो हा माणूस, मला वाटलं. आमच्या घरी बाबांना आईची पर्स कुठल्या रंगाची आहे तेही सांगता आलं नसतं.

मी मशीनसमोर बसले. श्रीकांतराव खुर्ची ओढून माझ्या पाठीमागे आले. स्क्रीनची पाठ वृंदाबाईंकडे होती.

"ही बघा मेल," मी म्हणाले. "गुळवणी बाईंच्याच पत्त्यावरून आलेली. शुक्रवारी दुपारची."

"दुपारी किती?" श्रीकांतरावांनी विचारलं.

"तीनच्या सुमाराला."

"तीनला?" ते बायकोकडे वळले. "शुक्रवारी तर तुला शेवटचा तास असतो."

"त्या दिवशी नव्हता."

"नव्हता? मला बोलली नाहीस ती." आणि परत हसून माझ्याकडे, "घरचं टाइमटेबल आमच्याकडेच असतं, मॅडम. आणि कुठल्या कॉम्प्युटरवरून पाठवली तेही कळतं का यात? शाळेतूनच ना नक्की?"

"तेवढं नाही कळत," मी म्हणाले. खरं तर थोडंफार कळलं असतं, पण आमच्या कामाला त्याची गरज नव्हती.

मेल बाईंचीच होती. पुरावा मिळाला, काम संपलं. अप्पांनी खिशाचं पेन काढून माफीचा मजकूर लिहायला घेतलासुद्धा. आणि तेव्हा माझं लक्ष एका जागी अडकलं.

तो बंगलोरला गेलेला प्रोग्रामर माझ्याचसारखा संशयी असावा. मेल उघडण्याआधी तिची एक जशीच्या तशी नक्कल त्याचा प्रोग्राम 'जुनी डाक' नावाच्या फोल्डरमध्ये टाकून ठेवायचा. त्यात वाचण्यासारखं काही नसतं. मेलबरोबर फाईल जाते ती आहे त्या रूपात जात नाही. साडीची घडी घालून बॅगेत ठेवावी तशी ती साध्या इंग्रजी अक्षरांत घडी होऊन जाते, आणि पलीकडच्या प्रोग्रामनं ती उलगडायची. घडीत असते तेव्हा नुसती अर्थहीन अक्षरांची पानंच्या पानं दिसतात. अप्पा त्या फोल्डरला कचरा म्हणायचे आणि दर महिन्याला पुसून टाकायला सांगायचे. मी आळसानं पुसलेलं नव्हतं.

त्या फोल्डरमध्ये सरांची मेल होती आणि तिच्याच आधी बाईंची. बाईंची मेल सरांच्या मेलच्या जवळजवळ दुप्पट जड होती.

"अप्पा, पेन ठेवा जरा."

"का?"

"कथा एकच असेल, तर एकीचं वजन दुप्पट कसं?"

अप्पांना काही कळलं नाही, पण त्यांनी पेन ठेवलं. वृंदाबाईंनी पहिल्यांदाच मान वर केली.

माणसांवरचा संशय मी काढून घेतला आणि प्रोग्रामवर लावला. त्याच्या ओळी उघडून वाचू लागले. प्रोग्राम चालू झाला की साचलेल्या सगळ्या मेल एकदम उचलायचा. प्रत्येकीसोबतची फाईल काढून आधी एका ताटात, म्हणजे एका फोल्डरमध्ये, ठेवायचा, फाईलचं जे नाव असेल त्याच नावानं. सगळ्या काढून झाल्या की मग नंबर टाकत बसायचा. एका वेळी एकच मेल आली तर काही अडचण नव्हती, आणि एरवी तसंच व्हायचं, कारण प्रोग्राम सारखा चालू असायचा.

"अप्पा, त्या शुक्रवारी दुपारी लाइट होती का?"

"कुठली असायला? शुक्रवारी आपल्या भागाचा दुपारचा नंबर. संध्याकाळी आली."

"आणि फाईलला काय नाव द्यायचं म्हणून जाहिरातीत छापलं होतंत?"

"'कथा.' फक्त 'कथा.' दुसरं नाव दिलं तर बाद. अगं, परीक्षकांना कळू नये कोण ते! गेल्या साली एकानं फाईलला आडनाव दिलं तर केवढी बोंब झाली. म्हणून ठळक टाइपात छापलं." अप्पा अभिमानानं बोलत होते आणि बोलता बोलता त्यांचा आवाज उतरत गेला. "का गं?"

"दुपारी लाइट नसताना दोन मेल आल्या. संध्याकाळी प्रोग्रामनं दोन्ही एकदम उचलल्या. बाईंची 'कथा' ताटात ठेवली. मग सरांची 'कथा' आली, तीही त्याच नावाची. ती बाईंच्या कथेच्या जागेवर बसली. बाईंची गेली. मग नंबर टाकताना दोघांच्याही नावावर सरांचीच चढली."

अप्पांनी माफीचा कागद हळूच बाजूला सारला.

"म्हणजे माझ्या नियमानं..." अप्पा म्हणाले आणि थांबले.

"म्हणजे हिची दुसरी आहे खरंच?" श्रीकांतराव म्हणाले. आनंद व्हायला हवा होता, आणि झालाही असावा, पण त्यांचा पहिला प्रश्न निराळाच होता. "निघते का ती यातनं? वाचता येईल?"

"घडी उलगडायची, झालं."

"उलगडू नका," वृंदाबाई एकदम म्हणाल्या. "वेगळी आहे एवढं कळलं ना? मग राहू दे."

माझा संशय परत जागा झाला. जिची सुटका चालली होती, तीच दार ओढून घेत होती. म्हणजे आत दुसराच कुणाचातरी माल असणार, अशी माझी खात्री झाली.

"बाई, नुसत्या वजनावर सर ऐकायचे नाहीत," अप्पा समजुतीनं म्हणाले. "कथा बघायला लागेल. काढ गं चारू."

मी चार ओळींचा प्रोग्राम लिहिला. बाईंची मेल त्यातून घातली. फाईल निघाली. जे निघालंय ते धड आहे का, हे बघायला मी सवयीनं ती साध्या नोटपॅडमध्ये उघडली.

त्या काळी मराठी फॉन्ट म्हणजे इंग्रजी अक्षरांना घातलेला मुखवटा असायचा. फॉन्ट लावला की मराठी, नाही लावला तर नुसता चिवडा. स्क्रीनवर चिवडा आला. श्रीकांतराव पाठीमागून वाकून बघत होते, त्यांचा श्वास माझ्या खांद्यावर येत होता. "हे काय? हे तर काहीच नाही," ते म्हणाले.

पण मी अख्खा उन्हाळा असला चिवडा निवडण्यात घालवला होता. कुठल्या इंग्रजी अक्षराच्या जागी कुठला काना आणि कुठली वेलांटी ते माझ्या डोळ्यांत बसलं होतं. फॉन्ट नसला तरी मला ते वाचता यायचं. मी पहिली ओळ वाचली.

'त्यानं माझी पर्स उचलली, तेव्हा बसमधल्या बायका म्हणाल्या, नशीब काढलंस.'

पुढची ओळ होती, 'पर्समध्ये काय आहे हे त्याला माझ्याहून चांगलं ठाऊक असतं. रोज रात्री तो ती चटईवर पालथी करतो.'

माझा हात माउसवर तसाच राहिला. त्याखाली तिकिटांची गोष्ट होती, मोबाइलमधल्या नंबरांची होती, शाळा सुटल्यापासून घरी पोचेपर्यंत किती वेळ लागायला हवा याची होती, आणि एका दिवशी बस चुकल्यावर काय झालं त्याचीही. मी पुढचं वाचलं नाही. मरून पर्स माझ्या कानाजवळ लोंबत होती.

"मॅडम, नीट उघडा ना," श्रीकांतराव म्हणाले. "फॉन्ट का काय म्हणतात तो लावून. बघू तरी बायकोनं काय दिवे लावलेत."

मी स्क्रीनच्या कडेवरून वृंदाबाईंकडे बघितलं. त्या माझ्याकडेच बघत होत्या. चोरी पकडली गेलेलं माणूस तसं बघत नाही. त्यांना भीती वाटत होती, आणि ती भीती मी सकाळपासून गुन्ह्याच्या खात्यात टाकत आले होते. मला स्वतःचा मनस्वी राग आला.

"फॉन्ट नाही या मशीनवर," मी म्हणाले.

"अगं असं कसं?" अप्पा पटकन म्हणाले. "छापखाना आहे हा! आपल्याकडे तर..."

मी अप्पांकडे मान वळवली. अप्पांनी माझं तोंड बघितलं, भिंतीकडच्या बाईंचं बघितलं, आणि मग श्रीकांतरावांच्या खांद्यावरच्या पर्सकडे त्यांची नजर गेली. त्यांना काय समजलं ते मी कधी विचारलं नाही. त्यांनी चष्मा काढला आणि सदऱ्याच्या टोकानं सावकाश पुसला.

"आपल्याकडे होता," ते म्हणाले. "मशीन बिघडलं ना, त्यात गेला. आता कंपनीकडनं मागवायला लागणार."

"मग सीडीवर द्या. मी बाहेर कुठंतरी उघडून घेतो," श्रीकांतराव म्हणाले. ते अजून हसत होते.

"देऊन उपयोग नाही. अर्धीच निघालीय, बाकीची खराब झाली."

"तुमच्यासारख्या प्रोग्रामर असून?"

"माझ्यासारखी असून."

आता मात्र ते हसले नाहीत. माझ्याकडे बघत राहिले, आणि त्या नजरेत ते मला नीट दिसले. मी सरांची मेल उलगडून दुसऱ्या खिडकीत उघडली. दोन चिवडे शेजारी शेजारी ठेवले. आंधळ्यालाही फरक कळला असता. सुरुवात वेगळी, शेवट वेगळा, एक आखूड, दुसरा लांब.

"एवढं सरांना पुरेल," मी अप्पांना म्हणाले. "छापून द्या दोन्हीची पहिली पानं, अशीच."

"माफी मागायची तर मीच मागायला हवी," अप्पा उठून वृंदाबाईंपाशी गेले. "बाई, चुकलो. फॉन्ट आला की तुमची कथा मी स्वतः परीक्षकांकडे..."

"नको. मी मागे घेते."

"अगं का? नाव झालं असतं की," श्रीकांतराव म्हणाले. "बरं, चल. घरी गेल्यावर सांगच मला, काय लिहिलं होतंस ते."

"सहलीचं लिहिलं होतं," वृंदाबाई म्हणाल्या. "मुलांच्या."

ते दोघं निघाले. पुढे ते, मागे त्या. दारात वृंदाबाईंनी एकदा वळून माझ्याकडे पाहिलं, आणि मी उगीचच मान हलवली.

दाभोळे सरांनी फोनवर सगळं ऐकून घेतलं, 'तांत्रिक बाब' म्हणाले आणि विषय मिटवला. माफी कुणीच छापली नाही. बाईंची नोकरी राहिली. पहिलं बक्षीस साताऱ्याच्या एका डॉक्टरना गेलं, त्याचं सरांना फार लागलं. मी त्या संध्याकाळी प्रोग्राम दुरुस्त केला. फाईल काढल्याबरोबर तिला आधी नंबर द्यायचा आणि मगच ताटात ठेवायची. पाठवणारा तिला काय नाव देतो यावर पुन्हा कधी विसंबायचं नाही.

बाईंची कथा मी पुसली नाही. अप्पा जेवायला गेल्यावर फॉन्ट लावून पूर्ण वाचली. शेवटी ती बाई त्याच्या मागून बस स्टँडकडे चालत जाते आणि कथा तिथंच संपते. मी ती फाईल 'जुनी डाक'मध्ये ठेवली आणि अप्पांना बजावलं की हा कचरा पुसायचा नाही. त्यांनी का म्हणून विचारलं नाही.

दोन दिवाळ्या गेल्या. तिसऱ्या वर्षी स्पर्धेची जाहिरात लागल्यावर एका दुपारी मी छापखान्यात बसले होते, तर दारात वृंदाबाई. आणखीच बारीक झाल्या होत्या. मी सवयीनं त्यांच्या मागे बघितलं. मागे कुणी नव्हतं. खांद्याला कापडी पर्स होती, त्यांच्याच खांद्याला.

"एकट्याच?" मी विचारलं.

"हो. आता एकटीच असते."

त्या बसल्या नाहीत. इकडे तिकडे बघितलं, आतल्या मशीनचा आवाज ऐकला, आणि मग म्हणाल्या, "फॉन्ट आला का तुमच्याकडे?"

"आला," मी म्हणाले.

मी फाईल काढली आणि या वेळी नीट उघडली. अक्षरं सरळ झाली. त्यांनी उभ्यानंच पहिलं पान वाचलं, मग दुसरं. एका ठिकाणी ओठ घट्ट मिटले, पण त्या थांबल्या नाहीत. बस स्टँडपाशी पोचल्यावर त्यांनी पर्स टेबलावर ठेवली, माझ्या शेजारची खुर्ची ओढली आणि कीबोर्ड आपल्याकडे घेतला.

"सरका जरा," त्या म्हणाल्या. "शेवट बदलायचाय."